साडेसात टनांच्या आत
मोठ्या बाई कारच्या सीटवर गोमूत्र शिंपडत होत्या. मी चार हात लांब उभा होतो. किल्ली अजून माझ्याच मुठीत.

झालं होतं इतकंच. पांढुर्ण्यात शेठचं संत्र्याचं पॅकिंग. तिथं मी पिकअप चालवायचो. बागेतून माल आणायचा, सडका माल गावाबाहेर नेऊन टाकायचा. त्या सकाळी शेठची कार फाटकात आडवी होती. मुनीम म्हणाला, "किल्ली लागून आहे, तूच घे ना बाजूले." घेतली. फाटकापासून भिंतीपर्यंत.

तेवढ्यात शेठची आई, मोठ्या बाई, तांब्या घेऊन उतरल्या. शिवी नाही, आरडाओरड नाही. सीट, स्टिअरिंग, गिअरची मूठ. देव्हारा पुसावा तसं मन लावून. मग गोड आवाजात म्हणाल्या, "जामसांवलीच्या मारुतीले जाचं आहे आज. देवाच्या कामाच्या गाडीत बसाचं नाही बापा. तुले सांगितलं होतं ना?"

ओट्यावर सौंसरचे पाहुणे चहा पीत होते. त्यांतल्या एकानं विचारलं, "तुमचाच ड्रायव्हर आहे, तर मग यालेच कावून नाही नेत?"

शेठ हसला. "त्याचं लायसन्स लोडिंग गाडीचं आहे. कार नाही चालत त्याच्यावर. हो ना रे?"

मी म्हणालो, "हो शेठ."

जेवायला घरी गेलो तेव्हा गोमूत्राचं मी बायकोला सांगितलं. हे "हो" नाही सांगितलं. ते गिळून टाकलं.

कारण ते धडधडीत खोटं होतं. माझं लायसन्स हलक्या मोटार वाहनाचं. भरून साडेसात टनांपर्यंतची गाडी त्यावर चालते. पिकअप त्यातच, कार त्यातच. कार्ड एकच. शेठला माहीत, मुनिमाला माहीत, मला माहीत. आम्ही बौद्ध आहोत हे त्या कार्डावर कुठं लिहिलेलं नाही. तरी शेठ तेच वाचायचा. आणि मी त्याला वाचून दाखवायचो. कोणी नवा माणूस विचारू लागला की शेठच्या आधी मीच बोलायचो, "माह्यावर कार नाही चालत जी." शेठला तेवढीही तसदी नको. सडक्या संत्र्याचा रस अंगावर गळायचा, माश्या घोंगावायच्या, त्या वासाची मला कधी किळस आली नाही. या वाक्याची येते. अजून येते.

मंडळी जामसांवलीला गेली. कार शेठच्या भाच्यानं नेली. शेठ मागं थांबला होता. दुपारी त्यानं माझ्यापुढं दुसरी किल्ली टाकली.

"मोहगावच्या बागेत ट्रक उभा आहे. ड्रायव्हर पळाला. भरून आण."

"शेठ, तो सोळा टनी आहे. माह्या लायसन्सावर नाही चालत."

"लायसन्स पाह्यते कोण बे? स्टिअरिंग गोलच असते ना सगळ्याईचं?"

मुनीम खो खो हसला.

हसण्यासारखं होतंच. तो ट्रक मी याआधी चालवला होता. शेठनं म्हटलं की निघायचो. एकदा तिगावच्या बाजूनं भरलेला आणताना पुढं ऑटो थांबली. आत कापूस वेचून घरी निघालेल्या बाया होत्या. मी ब्रेकवर उभा राहिलो तरी ट्रक घसरतच गेला. थांबला तेव्हा मागच्या सीटवरच्या बाईचा चेहरा माझ्या काचेखाली होता. ती ओरडलीसुद्धा नाही. नुसती पाहत राहिली. ती मेली असती तर विमा कंपनीनं हात वर केले असते. शेठ म्हणाला असता, न विचारता नेला. आणि मी? मी तिथंही "हो शेठ" म्हणालो असतो. मला माझी खात्री होती.

किल्लीला मी हात लावला नाही.

"कार माह्या लायसन्सात बसते, तिथं तुम्ही हात लावू देत नाही. ट्रक बसत नाही, तो चालवाले लावता. मी नाही चालवत."

"बरं, रिकामा आण. मग तर झालं?"

"रिकामा असला तरी कागदावर त्याचं वजन तेच रायते, शेठ."

"लय शिकला रे! उद्यापासून येऊ नको."

"नाही येत."

घरी बायकोला सगळं सांगितलं. ते "हो"सुद्धा. वाटलं, म्हणेल, बरं केलं. ती भाकरी थापत होती, हात थांबले. "इतके वर्सं तुम्हीच सांगत होते, चालत नाही म्हणून?" मग तिनं भाकरी तव्यावर टाकली.

परवा सौंसरला एका व्यापाऱ्याकडं कामाला विचारून आलो. त्यानं आधी आडनाव विचारलं, मग लायसन्स पाहिलं. म्हणाला, "पिकअपवर राहा. कार आमच्या घरचेच चालवून राहिले." मी म्हणालो, "माह्या लायसन्सावर कार चालते. चालवू देसान?" तो नुसता हसला. मी कार्ड उचललं आणि उठलो.

काम अजून नाही. घरात चणचण आहे. तरी जो मालक मला कारपासून लांब उभा करील, त्याची पिकअप मी चालवणार नाही. साडेसात टनांच्या वरची गाडी तर कोणाचीच नाही. आणि का नाही चालवत, असं कोणी चारचौघांत विचारलं, तर कारण त्या मालकाचं नाव घेऊन सांगीन.