तावडेबाईंचा हात

तावडेबाईंच्या चार महिन्यांच्या अपयशाला मी कारण होतो, आणि पुढची नऊ वर्षं मी ते कुणालाही सांगितलं नाही.

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत बाई संशोधक होत्या आणि मी तंत्रज्ञ. डिलाईल रोडच्या चाळीतून त्या रोज चालत यायच्या, पर्स खुर्चीवर टाकायच्या आणि जंतू वाढवायच्या उबदार कपाटाचं दार उघडून, लेकरांना विचारावं तसं मालवणीत विचारायच्या, "काय झिलांनो, जेवलात मां?" औषधांना दाद न देणारे जंतू होते ते. बाईंचा धाकटा भाऊ अशाच जंतूंनी चिघळलेल्या जखमेने गेला होता. तरी त्यांच्या बोलण्यात राग नसायचा. "हुशार आहेत रे मेले. औषध आत आलं की उचलून बाहेर फेकतात. आपण त्यांच्याहून हुशार व्हायचं."

त्यांची युक्ती त्यांनी मला मोदकावर समजावली. औषध जुनंच, पण केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या स्निग्ध गोळ्यांत भरलेलं. "बाहेर पारी, आत सारण. जंतूचं आवरणही तसंच स्निग्ध. पारी त्यात मिसळते आणि सारण एकदम आत. फेकून फेकून फेकणार किती?" सांगताना त्यांची बोटं हवेत मोदक वळत असायची.

पहिलं मिश्रण तयार झालं आणि बाईंना आठ दिवस गावी जावं लागलं. "फ्रिजमध्ये ठेव हां, जिवापाड सांभाळ," म्हणून कुपी माझ्या हातात दिली. फ्रिज गच्च भरलेला होता. जितकं गार तितकं टिकाऊ, असं समजून मी ती डीप फ्रीजरमध्ये ठेवली आणि त्या यायच्या आदल्या दिवशी काढून फ्रिजमध्ये सरकवली.

प्रयोग फसू लागले. बाई रोज तितक्याच उत्साहाने बशी उघडायच्या आणि बशीवर जंतूंचे ठिपके दाट उठलेले असायचे. दोन आठवड्यांनी त्या एका विद्यार्थिनीला सांगत होत्या, "गोठवायचं नाही हं कधी. बर्फाच्या सुया पारी फाडतात, सारण बाहेर." मी शेजारी काचसामान धूत होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. नोकरी कच्ची आहे, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

चार महिन्यांनी प्रमुखांनी काम गुंडाळायला सांगितलं. तेव्हा कुठे बाईंनी जुन्या कुपीतला थेंब मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. गोळ्या फुटलेल्या होत्या. "कल्पना बरोबर आहे, सर. माझा हात चुकला, घाई केली मी. एकदा परत करू द्या." त्यांना एकच संधी मिळाली. मी तिथेच उभा होतो.

नव्या मिश्रणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "विनय, तूच बघ. माझ्याने नाही होणार." साध्या औषधाची बशी ठिपक्यांनी भरली होती. दुसरी मी उजेडात धरली, फिरवून पाहिली.

"बाई, कोरी आहे."

"मेल्या, थट्टा करशील तर बघ."

मग त्यांनी मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावलं, लिफ्टवाल्यालाही. तो बिचारा वाकून वाकून बघत म्हणाला, "बाई, यात तर काहीच नाय."

"तेच बघ रे! काहीच नाही!"

मीही टाळ्या पिटल्या. खरोखर इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

पण त्या दिवसापासून बाई प्रत्येक मिश्रण तीनदा तपासू लागल्या. नव्या मुलींना म्हणायच्या, "माझ्या हातावर विसंबू नका. चार महिने घालवलेत मी एकदा." निवृत्तीच्या दिवशीही त्या हेच सांगू लागल्या, तेव्हा मला राहवलं नाही.

"बाई, तुमचा हात चुकला नव्हता. ती कुपी मी गोठवली होती."

त्या वळल्या. "फ्रीजर उणे वीस अंशांचा की उणे ऐंशीचा?"

"उणे वीस. सात दिवस."

"म्हणजे पहिलं मिश्रणही बरोबर होतं? कागद दे, कागद दे लवकर." डोळे लकाकत होते. भराभर चार ओळी लिहिल्या आणि पेन थांबलं. "तुला तेव्हा माहीत होतं?"

"त्या मुलीला तुम्ही बर्फाच्या सुया सांगितल्यात, त्या दिवसापासून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मुली उभ्याच होत्या. त्यांच्यासमोरच मी म्हणालो, "फ्रीजर अजाणता उघडला, बाई. तोंड मात्र कळूनसवरून बंद ठेवलं आणि तुम्हाला तुमच्या हाताचा संशय घेऊ दिला. माझं चुकलं. मला माफ करा."