जितेंद्रचं लांबलचक नाव आणि ताईबाईचे बिबडे

भडगावात जितेंद्रला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि दुसऱ्यांदा त्याच्याकडे काम घेऊन गेलेला माणूसही नाही. त्याचं पहिलं दुकान मोबाईल दुरुस्तीचं. पाटीवर 'भडगाव नंबर वन सुपरफास्ट मोबाईल रिपेअरिंग'. तिथे दिलेला मोबाईल तीन तीन आठवडे खणात निजून राही. दुसरं दुकान झेरॉक्सचं, 'क्लिअर कॉपी सेंटर', आणि तिथली मार्कशीट पाहून पोरगं पास झालं की नापास, ते बापालाही कळत नसे. दुकान बसलं की जितेंद्र मशीन बदलायचा नाही, पाटी बदलायचा. कुणा अंकशास्त्रवाल्याच्या सांगण्यावरून त्याने स्वतःच्या इंग्रजी नावात एक जादा ई घुसवली. भाग्य काही उजळलं नाही, फक्त बँकेचं पासबुक आणि आधार कार्ड एकमेकांना ओळखेनाशी झाली.

तिसरं दुकान जळगावात. टायरच्या दुकानावर एक खोली, तिला हा ऑफिस म्हणे. आठ दिवस मोबाईलवर व्हिडिओ पाहून तो वेबसाईटचा सल्लागार झाला होता. जळगावात पंधरा दिवस काढून परत आला तेव्हा आईशीही पुस्तकी मराठीत बोलू लागला. घरात सगळे अहिराणी बोलतात, आणि हा ताटावर बसून म्हणे, 'कृपया भाकरी द्या.'

त्याची चुलती ताईबाई हे सगळं अंगणातून बघत आली होती. बघायला तिला सवड कमीच. बारा वर्षं ती ज्वारीचे बिबडे करून विकते. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, मोठ्या पातेल्यात तीळ, लसूण, मिरची घालून शिजवायची आणि ओल्या हाताने कापडावर थापायची. वाळले की कापडाच्या उलट बाजूने पाणी शिंपडून एकेक अलगद सोडवायचा. तिच्याबरोबर गल्लीतल्या सहा बाया. अंघोळ आणि देवपूजा झाल्याशिवाय पातेल्याला हात लावायचा नाही, आणि पहिला बिबडा देव्हाऱ्यात ठेवायचा, हा तिचा नेम. तिची लेक दिपमाला धुळ्याला दिलेली, तिथल्याच एका कॉलेजात ग्रंथपाल. सात वर्षांपूर्वी तिने आईसाठी एक साधं संकेतस्थळ करून घेतलं, नाव नुसतं 'ताईबाई डॉट इन'. त्यावर बिबडे कसे होतात, कसे भाजायचे, पावसाळ्यात कुठे ठेवायचे, हे ताईबाईने सांगितलेलं तसंच्या तसं लिहिलेलं. पुण्याच्या एका बाईने आपल्या स्वयंपाकाच्या पानावर त्याचा पत्ता दिला, नाशिकच्या दोघींनी दिला, आणि चैत्र लागला की ताईबाईचा फोन वाजत राही.

फाल्गुनात जितेंद्र दारात आला. म्हणाला, काकू, तुमचं नावच चुकलंय. गूगलला काय कळणार ताईबाई म्हणजे काय? लोक जे शब्द टाइप करतात तेच शब्द पत्त्यात हवेत, म्हणजे आपण आपोआप यादीत पहिले. मग त्याने पत्ता वाचून दाखवला: बेस्ट, खान्देशी, ज्वारी, बिबडे, पापड, ऑनलाइन, मध्ये आडव्या रेघा, शेवटी डॉट कॉम.

ताईबाईने हातातलं कापड पिळलं. "जितू, इतलं मोठं नाव. त्यामा ताईबाई कोठे शे?"

तो हसला. अडाण्याला शिकवताना शिकलेला माणूस हसतो, तसं. ताईबाईने तेव्हाच त्याला अंगणाबाहेर काढलं असतं, पण संध्याकाळी जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ आणि जितेंद्रची आई शेवंताबाई, आली आणि पदर डोळ्याला लावून बसली. पोराच्या हाताला यश नाही, घरातलं एक तरी काम त्याला दे. जेठाणीचा शब्द ताईबाईला मोडवेना. नावाने असं काय बिघडणार, असं मनाशी म्हणत तिने हो म्हटलं, आणि दिपमालाला कळवलं नाही. ही चूक तिची स्वतःची. ती ते नाकारत नाही.

गुढीपाडव्याला जितेंद्रने लॅपटॉपला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि नवं नाव सुरू केलं. आदल्या संध्याकाळी ताईबाईकडून पासवर्ड घेऊन जुनं बंद करून टाकलं होतं. का, तर एका घरात दोन चुली नकोत, शुभकार्याच्या आधी जुनी विझवलेली बरी. सल्लागार म्हणवणारा माणूस पंचांग बघून संकेतस्थळ विझवतो. नव्या पानावर बिबडे कसे भाजायचे ते नव्हतं. तिथे फक्त 'बेस्ट खान्देशी ज्वारी बिबडे' हेच वीसदा लिहिलेलं होतं. देवाचं नाव भिंतीवर वीसदा रंगवलं म्हणून देव भेटत नाही, एवढं तर देवळात झाडू मारणाऱ्या बाईलाही कळतं.

चैत्र सरत आला. फोन वाजेना. डबे भरत गेले, माजघरात छताला टेकले. बिबड्यांना मृगाची हवा लागली की ते मऊ पडतात आणि वास धरतात, म्हणून त्याआधी माल जायलाच हवा. ताईबाईने सहापैकी चार बायांना घरी बसवलं. त्यांना सांगताना तिची मान वर झाली नाही. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, हालचाल झाली नाही तर अंगणच आवरायचं, असं तिने ठरवून टाकलं. जितेंद्रला विचारलं की तो म्हणे, वेळ लागतो, नाव जोरदार आहे. एकदा पुण्याच्या दुसऱ्याच एका बाईने ताईबाईचा नंबर कुठून तरी मिळवून संकेतस्थळाचा पत्ता विचारला. ताईबाईने फोन जितेंद्रकडे दिला, आणि तो इंग्रजी अक्षरं आणि रेघा सांगत बसला. चौथ्या रेघेला बाईने फोन ठेवला.

आखाजीला गल्लीतल्या लेकी माहेरी आल्या. निंबाला झोके बांधले गेले. दिपमाला धुळ्याहून आली, तिने माजघर पाहिलं, आणि आईने तिला सगळं सांगितलं. दिपमाला ओरडली नाही. झोक्याजवळ गेली आणि तिथल्या दहा-अकरा जणींना म्हणाली, मोबाईल काढा, आणि सासरी बसून माझ्या आईचे बिबडे मागवायचे तर काय लिहाल, ते लिहा. जितेंद्रला तिथे उभं केलं. तोही आला, कारण त्याला वाटलं सत्कार आहे.

सगळ्याजणींनी लिहिलं. कुणी 'ताईबाई बिबडे', कुणी 'भडगावच्या ताईबाई', एकीने 'ताईबाईचे लसणाचे बिबडे'. 'बेस्ट' हा शब्द एकीलाही सुचला नाही. यादीत सर्वात वर पुण्याच्या बाईचं स्वयंपाकाचं पान आलं, त्यात जुना पत्ता होता, आणि त्यावर बोट ठेवलं की कोरं पान. जितेंद्रचं लांबलचक नाव एकीनेही पाहिलं नाही.

जितेंद्र म्हणाला, व्हिडिओत तर स्पष्ट सांगितलं होतं.

"व्हिडिओ किती सालचा?" दिपमालाने विचारलं. त्याने पाहिलं. बारा वर्षांपूर्वीचा निघाला. "तेव्हा थोडंफार चालायचं. आता पत्त्यातल्या शब्दांना फारसं कुणी विचारत नाही. पुस्तकाच्या पाठीवर 'उत्तम पुस्तक' छापलं म्हणून मी ते कुणाच्या हातात देत नाही, जितूदादा. आत काय आहे आणि लोक काय नाव घेऊन मागायला येतात, ते बघते. लोकांनी सात वर्षं जो पत्ता एकमेकांना दिला तोच तू पुसलास."

पोरी हसल्या. जितेंद्र पुस्तकी मराठीत काहीतरी तांत्रिक बोलू लागला. ताईबाई झोक्याच्या पाटावर बसली होती, ती उठली.

"बाया मन्हं नाव लिखीसन शोधतस, आणि तू तेच काढी टाकं. जुनं दार उघाड. मंग तुनं ग्यान सांग."

त्याच दुपारी, दिपमाला शेजारी बसलेली असताना, जितेंद्रने जुनं स्थळ परत सुरू केलं. नशीब, जुन्या पत्त्याची मुदत संपली नव्हती. लांबलचक नावावर कुणी चुकून गेलंच तर ते जुन्याकडेच पोचेल, अशी सोयही तिने करून घेतली. लगेच काही झालं नाही. दहा दिवस ताईबाई रोज देवापुढे दिवा लावून फोनकडे बघायची. अकराव्या दिवशी नाशिकहून फोन आला, जुनी गिऱ्हाईक. आम्हाला वाटलं तुम्ही बंद केलं, असं ती म्हणाली.

"बंद नही, बाई. दाराले कुलूप लायेल व्हतं. आते उघाडं शे."

मग फोन येत राहिले. पूर्वीइतके नाहीत, पण चारही बाया परत अंगणात आल्या आणि मृगाच्या चार दिवस आधी माजघर रिकामं झालं. तळाच्या दोन डब्यांतले बिबडे मात्र ओल लागून आधीच मऊ पडले होते. ते ताईबाईने जेठाणीकडे पाठवून दिले.

आणि जितेंद्र? तो शिकला, असं कुणाला वाटेल. गेल्या आठवड्यात तो फैजपूरला एका केळी वेफर्सवाल्याकडे जाऊन आला. त्याला सांगत होता, हे 'बेस्ट' वगैरे आता जुनं झालं, माझ्या अनुभवावरून सांगतो, खरी ताकद बाईच्या नावात असते. तुमच्या आजीचं नाव काय?