गाश्परचं काळं मेण

गाश्पर लाझारला संतापायला फार मोठं कारण लागत नसे. कुणी पितळ घासताना दिसलं की झालं. पोस्टमास्तरीणबाई एकदा राख आणि व्हिनेगर घेऊन आपल्या आजीच्या पितळी खलाला भिडल्या होत्या. हा रस्त्यावरूनच ओरडला, "बाई, खल घासताय की खाताय? दर ईस्टरला एवढा खरवडलात तर नातीच्या हाती नुसता बत्ता येईल!" मग खल बगलेत मारून घरी आणला, धुतला, चुलीवर खडखडीत वाळवला, मेणाचा पापुद्र्याएवढा हात फिरवला आणि परत नेऊन दिला. दहा वर्षं त्या खलाला डाग पडला नाही. पोस्टमास्तरीणबाईंनी दहा वर्षं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, ते वेगळं.

खिळे घडवणाऱ्यांच्या कोव्निक गावातला त्याचा जन्म. ओढ्याकाठच्या भट्टीत बापाच्या पायाशी बसून तो लहानाचा मोठा झाला. भट्टी विझली तेव्हा स्क्रूच्या कारखान्यात गेला आणि तिथे तीस वर्षं काढली. त्या तीस वर्षांबद्दल विचारलं तर तो फक्त थुंकत असे. पण वर्षातले दोन दिवस त्याचे स्वतःचे होते: एक ईस्टरच्या आदल्या आठवड्यातला, एक सर्व संतांच्या सणाआधीचा. त्या दोन दिवशी गावाला जाग येण्याआधी तो चर्चच्या दाराशी हजर. दाराच्या दोन्ही फळ्यांवर लांबच लांब लोखंडी बिजागऱ्या होत्या, द्राक्षाच्या वेलीसारख्या पसरलेल्या, आणि त्यातलं एकेक पान त्याच्या पणजोबानं, येर्नेयनं, हातोडीनं घडवलेलं. गाश्पर कोळशाची जुनी इस्त्री त्या लोखंडावर टेकवून ठेवी. हाताला सोसेल इतकं ते ऊन झालं की मेण लावी, आणि लोकरी चिंधीनं पुसून काढी. लोखंड काळंशार व्हायचं, रात्रीच्या तळ्यासारखं.

मेणात काय असतं हे कुणालाच माहीत नव्हतं. लाझारांच्या घरात ते बाप मुलाच्या कानात सांगे, आणि मुलगा तोंड मिटून घेई. मेण त्याच्या बायकोच्या, टिल्काच्याच मधमाश्यांच्या पोळ्यांतलं, पण वितळवायच्या वेळी गाश्पर तिला स्वयंपाकघरातून हाकलून देई. ती दाराबाहेरून ओरडे, "लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली! मधमाश्या माझ्या, पातेलं माझं, आणि बाहेर मीच?"

आणि त्या शरद ऋतूत बोगोमिर आला. जर्मनीत वीस वर्षं मोटारींना रंग मारून तो गावी परतला होता आणि चर्चच्या समितीचा प्रमुख होऊन बसला होता. रविवारी बिशप येणार होते. गुरुवारी दुपारी ग्राइंडरचा आवाज ऐकून गाश्पर चर्चकडे धावला, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. डाव्या फळीवरचं लोखंड नव्या पातेल्यासारखं चकचकत होतं. पानांवरच्या शिरा गेलेल्या. हातोडीचे घाव गेलेले. येर्नेयची पानं सपाट झाली होती, लाटलेल्या कणकेसारखी.

"अरे, काय केलंस हे?"

"मळ काढला, काका," बोगोमिर शिडीवरून हसत म्हणाला. "बघा कसं झळकतंय! आता वार्निश मारतो, की पंधरा वर्षं बघायला नको. उद्या उजवी."

"मळ? मळ तुझ्या डोळ्यांत आहे! चाळीस वर्षं मी तिथे मेण लावतोय! माझ्या आधी बापानं लावलं, त्याच्या आधी आजोबानं!"

"मला काय माहीत? मला तर धुराचा थर वाटला."

गाश्परनं उजव्या फळीला पाठ लावली आणि हात पसरून उभा राहिला. "ह्या बाजूला ते यंत्र आणलंस तर आधी माझ्यावर चालव."

समितीची बैठक तिथेच, पायऱ्यांवर भरली. समिती म्हणजे बोगोमिर, सुतार उर्बान आणि शाळेतून निवृत्त झालेल्या रोझालिया बाई. उर्बान मान खाजवत म्हणाला, "पण एक दार पांढरं, एक काळं, हे कसं दिसेल? बिशपांना वाटेल पैसे अर्ध्यात संपले. दोन्ही सारखी हवीत." ठरलं की शुक्रवारी सकाळी सगळ्यांनी पुन्हा यायचं आणि उजवी फळी घासायची. गाश्पर अंधार पडेपर्यंत दारातून हलला नाही. टिल्कानं कोबीची भाजी डब्यातून तिथेच आणून दिली.

रात्रभर दरीतलं धुकं गावात भरून राहिलं. सकाळी सगळे आले आणि दारासमोर थबकले. डावी फळी गंजानं नारिंगी झाली होती. आणि मधोमध, मोठ्या पानावर, पाच बोटांचा गडद, स्पष्ट ठसा उमटला होता. काल शिडीवरून उतरताना बोगोमिरनं घामेजल्या हातानं जिथे आधार घेतला होता, तिथेच.

"हात कुणाचा, ते चौकशीशिवाय कळलं," उर्बान म्हणाला.

बोगोमिर लाल झाला. "उघडं राहिलं म्हणून झालं. आत्ता वार्निश मारतो, दिसणारही नाही!"

"न दिसलं म्हणजे मेलं काय?" गाश्पर गरजला. "गंज आत, वार्निश वर! आतल्या आत कुजेल ते, दोन वर्षांत खपल्या धरून गळेल! माझ्या पणजोबाला पिशवीत गुंडाळून कुजवतोस?"

रोझालिया बाईंनी छत्री जमिनीवर आपटली. शाळेत याच आवाजात त्यांनी दोघांनाही कान धरून उभं केलं होतं. "गाश्पर, पुरे. बोगोमिर चुकला, ते आंधळ्यालाही दिसतंय. पण त्याला सांगितलं कुणी? तू अंधारात येतोस, कुणी विचारलं तर पाठ फिरवतोस. मुलगी तुझी व्हिएन्नात. उद्या तू गेलास तर हे दार कोण सांभाळणार, आणि कशानं? काय लावायचं ते लिहून दे. उजवी फळी वाचेल. नाहीतर मीही घासायलाच मत देईन, निदान ते कसं करायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे."

मेणाचं गुपित कुणाला सांगणार नाही, असा गाश्परनं मरत्या बापाला शब्द दिला होता. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला पणजोबा, आणि मधे हा मोटारीवाला! त्याला आयुष्यात एवढा राग कधीच आला नव्हता, आणि तो नेमका कुणावर काढायचा हेच कळेना. शेवटी तो अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असा ओरडला,

"घ्या! ऐका! मधमाशीचं मेण तीन वाटे! लार्चच्या झाडाचं टर्पेंटाइन दोन! आणि पाइनच्या लाकडाची काजळी, चिमूटभर! झालं समाधान?"

न्याहारीचा डबा घेऊन आलेली टिल्का हळूच म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच म्हणजे?"

"अरे, हे तर मी आईच्या कपड्यांच्या पेटीला लावते. फक्त काजळी नसते."

"आम्हीपण," उर्बान म्हणाला. "आजीच्या घड्याळाच्या पेटीला."

पोस्टमास्तरीणबाई खिडकीतून डोकावल्या. "आमच्याकडे तर काजळीसकट लावतात! चुलीच्या दाराला!"

गाश्परचा चेहरा बघण्यासारखा झाला. चार पिढ्या तोंडं मिटून बसल्या, त्या ह्यासाठी! "चुलीच्या दाराला?" तो किंचाळला. "लाझारांचं मेण चुलीच्या दाराला? कोणत्या लाकडाची काजळी? बीचची असेल! बीचची काजळी राखाडी होते, मूर्ख बायांनो!"

"मग येऊन दाखवा ना," पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या. खलानंतर त्या पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होत्या.

उजवी फळी वाचली. डावीचा गंज बोगोमिरनं शनिवारभर तेल लावून हातानं काढला, यंत्राला हात न लावता, आणि इस्त्रीत कोळसेही त्यानंच भरले. पानांच्या शिरा मात्र परत येणार नव्हत्या, आणि गाश्परनं ते त्याला दर दहा मिनिटांनी ऐकवलं.

"पातळ! पातळ लाव! पोळीवर लोणी थापतोयस का?"

"पातळच लावतोय, काका."

"आणि तिकडे कोपऱ्यात ओलं आहे, डोळे फुटलेत का? ओल्यावर मेण लावलंस तर पाणी आत कोंडेल! पूस आधी! नाही, त्या चिंधीनं नाही!"