पहिल्या ओळीतलं श्री
प्रिंटरच्या रिबनचा वास आला की अंधेरीच्या ऑफिसातली ती गारठलेली कॉम्प्युटरची खोली आठवते, आणि शेजारची रिकामी खुर्ची. तिथे बसणारे आमचे साहेब आदल्या आठवड्यात हार्ट अटॅकने गेले होते आणि त्यांचं अर्धवट सर्किट माझ्याकडे आलं होतं, म्हणजे एका ओळीत एक जोडणी अशी लिहिलेली फाइल, जी कॉम्प्युटर चालवून तपासतो. प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत ते इंग्रजी अक्षरांत श्री टाइप करायचे. फाइल परदेशी गिऱ्हाइकाकडे जाणार म्हणून मी ती ओळ काढून टाकली. मग दुपारपर्यंत एकच एरर येत राहिली, एक नंबरचं टोक मोकळं आहे. तिथे सप्लाय जोडलेला तर मला समोर पहिल्याच ओळीत दिसत होता. एकेक जोडणी कागदाशी ताडून झाली, तरी तेच. शेवटी पलीकडची सहकारी म्हणाली, “अरे, पहिली ओळ मशीन फाइलचं नाव समजून सोडून देतं. वरचं काही काढलंस का तू?” मी श्री परत टाइप केलं. सर्किट चाललं. “रडलास तरी चालेल रे,” ती हळूच म्हणाली. मला काहीच वाटत नव्हतं. मी प्रिंटरवरून प्रिंटआउट फाडून घेतला, नीट घडी घातली आणि जेवायला गेलो. देव मी आजही मानत नाही. वाण्याच्या यादीवर मात्र आधी श्री लिहितो, नाहीतर पहिली वस्तू राहून जाईल असं वाटतं.