दाराबाहेरची भूमिका

"आडनाव काय म्हणालात?"

वाड्याच्या पहिल्या चौकात, सातवीच्या चाळीस मुलांसमोर, त्याने मला विचारलं. मी सांगितलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मुलांकडे वळून म्हणाला, "बघा, तुमच्या बाई म्हणजे आमची जुनी माणसं. ह्यांच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या आमचा दरवाजा राखला. इमानी जात."

इमानी. कुत्र्याला लावतात तो शब्द.

आणि मी हसले. "हो का?" असंही म्हणाले. जणू त्याने माझ्या साडीचं कौतुक केलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या एका खाजगी संस्थेच्या शाळेत मी इतिहास शिकवत होते. पहिलीच नोकरी, अजून कायम व्हायचं होतं. वडील नाशिक रोडला प्रेसमध्ये कामाला होते, नुकतेच रिटायर झालेले. आम्ही बौद्ध. घरातली बी.एड. झालेली मी पहिली. स्टाफरूममध्ये मी मोजून बोलायचे आणि वेळेआधी पोचायचे. कुणी काही टोचून बोललं की हसायचे. ह्या हसण्याला मी समजूतदारपणा म्हणत होते.

सहल येवल्याच्या रस्त्याने निघाली होती. आधी पैठणीचे माग बघायचे, मग एका सरदार घराण्याचा हा वाडा. वाड्याचा सध्याचा मालक म्हणजे त्या सरदारांचा वंशज. सगळे त्याला आबासाहेब म्हणत. तो आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा मित्र होता, त्यामुळे वाडा दाखवायला स्वतः आला होता. डोक्यावर भगवा फेटा. जवळून बघितलं तर फेटा शिवलेला होता, टोपीसारखा घालायचा आणि टोपीसारखा काढायचा. खाली टेरिकॉटची पँट. पायात पांढरे बूट, धावायला जाताना घालतात तसले. हा माणूस मला माझी जागा दाखवत होता.

तो पुढे, आम्ही मागे. आमच्या मुख्याध्यापिका त्याच्या शेजारी. त्यांना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणत. तो काही बोलला की त्या आधी मान डोलवायच्या, मग आम्हा शिक्षकांकडे बघायच्या. आम्हीही डोलावली पाहिजे म्हणून.

"हा दिवाणखाना आमच्या पणजोबांनी बांधला. ही विहीर आमच्या खापरपणजोबांनी खोदली. हे खांब बघा, सागवान, आमच्या पूर्वजांनी सुरगाण्याच्या जंगलातून आणले."

बांधला. खोदली. आणले. त्या खापरपणजोबांच्या हाताला आयुष्यात कधी माती लागली असेल तर ती तुळशीच्या वृंदावनातली. पण ऐकणाऱ्याला वाटावं की म्हातारा धोतर खोचून पन्नास फूट खाली उतरला होता आणि सुरुंग लावत होता.

एका मुलाने विचारलं, "विहिरीतून पाणी कोण काढायचं?"

"असायची माणसं," तो म्हणाला. आणि पुढे गेला.

दिवाणखान्यात एक पेंढा भरलेला वाघ होता. त्याचा एक डोळा काचेचा, दुसऱ्या जागी शर्टाचं काळं बटण शिवलेलं. शेपटीतून पेंढा बाहेर आला होता. "आजोबांनी एका गोळीत पाडला," तो म्हणाला. मुलं वाघाकडे नाही, बटणाकडे बघत होती. भिंतीवर तसबिरी. सगळ्यांच्या मिशा सारख्याच, सगळ्यांच्या तोंडावर जेवण जास्त झाल्याची कळा. एका खुर्चीभोवती दोरी बांधलेली. तिच्यावर कुणी बसायचं नाही, तोही बसत नव्हता. तो प्लास्टिकच्या लाल खुर्चीवर बसला, घाम पुसला आणि राज्य कसं करायचं ते सांगू लागला.

मग मागच्या अंगाला एक बुटकं दार दाखवलं. "ह्या दारातून खालचे लोक यायचे." असं म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं. मैत्रीने. आपल्या दोघांनाच ठाऊक असलेली गंमत असावी तसं.

मी पुन्हा हसले नाही. पण काही बोललेही नाही. तेवढ्याला तेव्हा मी खूप मानलं होतं.

शेवटी आम्ही परत चौकात आलो. "आता दरबार भरवू," तो म्हणाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हा त्याच्या सहलीचा ठरलेला भाग होता, सगळ्या शाळांसाठी. तो एकेकाला आडनाव विचारायचा आणि त्याप्रमाणे जागा द्यायचा. कुलकर्णी म्हटलं की, "वा, तुम्ही कारभारी, इथे गादीजवळ." पाटील म्हटलं की, "तुम्ही बसा मानाने, समोर." एका मुलाचं आडनाव त्याच्या लक्षात येईना, तर त्याने गाव विचारलं, मग वडील काय करतात ते विचारलं. खात्री झाल्यावरच बसवलं. कापडाच्या दुकानातला माणूस जसा हात लावून पोत बघतो, तशी तो पोरं चाचपत होता. आणि मोठ्या बाई फोटो काढत होत्या.

माझ्या वर्गातली प्रज्ञा पुढे आली. बारा वर्षांची, दोन वेण्या, वर्गात कायम पहिल्या बाकावर. तिने आडनाव सांगितलं.

"हां," तो म्हणाला. "तू दाराबाहेर. ती काठी घे. मी हाक मारली की उंबऱ्यापर्यंत यायचं, आत नाही. कमरेत वाकायचं आणि जोहार घालायचा. जमेल ना?"

मुलं हसली. प्रज्ञाने माझ्याकडे बघितलं. मग ती कोपऱ्यात गेली आणि काठी उचलली. वर घुंगरू बांधलेली काठी होती.

मला राग त्या क्षणी आला असं नाही. राग काठीकडे बघून आला. ती तयार होती. तलवारी कपाटात कुलपात, फेटा शिवलेला, पण काठी हाताशी. जिथे हात धरतो तिथे लाकूड गुळगुळीत झालेलं. म्हणजे ही आजची गंमत नव्हती. प्रत्येक शाळेच्या सहलीत ह्याला एक प्रज्ञा सापडत होती. किती पोरं त्या दाराबाहेर उभी राहून घरी गेली असतील आणि आईला म्हणाली असतील की वाडा छान होता.

मी गेले. तिच्या हातातून काठी घेतली.

"ही काठी ती धरणार नाही."

तो हसला. "अहो बाई, नाटक आहे. इतिहास आहे हा. एवढं काय मनाला लावून घेता?"

"नाटक आहे ना? मग तुम्ही धरा. ती गादीवर बसेल."

मी काठी त्याच्यासमोर धरली. घुंगरू वाजले. चौकात तेवढाच आवाज. मी विचार करून नव्हते बोलले. पण बोलल्यावर कळलं की ह्यापेक्षा सरळ काही बोलताच आलं नसतं.

त्याचं हसू गेलं. फेट्याखाली घाम आला. "आम्ही सगळ्यांना आत घेतो म्हणून तुम्ही इथे उभ्या आहात," तो म्हणाला. "पूर्वीचे दिवस असते तर..."

"तर काय? बोला की. मुलांना इतिहासच सांगताय ना?"

त्याने फेटा सारखा केला. एवढं मोठं घराणं, आणि एक वाक्य पुरं करायची छाती नाही.

मोठ्या बाई धावत आल्या. "बाई, गप्प बसा. आपण पाहुणे आहोत त्यांच्याकडे."

"मी पाहुणी नाही," मी म्हणाले. "ज्यांना यायचंय त्यांनी माझ्याबरोबर बाहेर या."

मला वाटलं होतं सगळा वर्ग उठेल. अकरा मुलं उठली. बाकीची बसून राहिली. काहींना गादीजवळची जागा सोडवत नव्हती. काही मोठ्या बाईंकडे बघत होती. आम्ही बाहेर पडलो तेव्हा आत दरबार पुन्हा सुरू झाला होता. दाराबाहेर कुणी नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलं नाही.

आम्ही बसच्या सावलीत बसून डबे खाल्ले. प्रज्ञा माझ्या शेजारी होती. मला वाटलं ती रडेल. मी पाठीवर हात ठेवायला गेले तर तिने अंग चोरलं.

"बाई, तो तुम्हाला आधी बोलला ना, तेव्हा तुम्ही हसलात."

मी डब्याचं झाकण लावलं.

"मी बघितलं. म्हणून मला वाटलं, असं उभं राहायचं असतं."

त्या माणसाने केलेला अपमान मी त्याच्या तोंडावर परत केला होता. हा मात्र कुणाला परत करणार? काठी त्याने दिली, पण ती घ्यायला त्या मुलीला मी शिकवलं होतं. माझ्या समजूतदारपणाने.

चौथ्या दिवशी शाळेत नोटीस मिळाली. सहलीत गैरवर्तन, संस्थेची बदनामी. आबासाहेबांची लेखी माफी मागावी, नाहीतर कायम करण्याबाबत विचार होणार नाही.

मी कागद वडिलांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"चार ओळी लिहून टाक," ते म्हणाले. "नोकरी लय मुश्किलीनं भेटली हाय."

मी विचारलं, "बाबा, आजोबा त्याच बाजूचे ना? त्यांनी गाव का सोडलं?"

हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारत नसे. वडिलांनी चष्मा काढला. 

"एक दिवस पाटलाच्या निरोपाची वर्दी घेऊन गेले नाय. अंगात ताप होता. तर पाटलाच्या माणसांनी चावडीपुढं मारलं. दुसऱ्या दिवशी मला खांद्यावर घेतलं आन निघाले. चालत. मी तीन वर्षांचा."

मग कागदाची घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली. "तुला काय लिहायचं ते लिही. माफी लिहू नको."

मी लिहिलं. वाड्यात काय झालं ते, जसं झालं तसं. कुणाला कुठे बसवलं, कुणाला कुठे उभं केलं, तो काय बोलला, मी काय बोलले. मी हसले तेही लिहिलं. खाली सही केली, पूर्ण नावाची, आडनावासकट. एक प्रत स्वतःकडे ठेवली.

वर्ष संपलं तेव्हा त्यांनी मला कायम केलं नाही. निरोप समारंभही नाही. प्रज्ञाचे वडील एकदा घरी आले, चहा पिऊन गेले. अकरातल्या दोन मुलांच्या घरून मात्र तक्रार गेली होती, की बाई मुलांच्या डोक्यात जात भरतात. त्यातली एक आमच्यापैकीच एका घरून होती. हे सांगायला मला आवडत नाही. पण खरं आहे.

दोन वर्षं शिकवण्या घेतल्या. मग विंचूरच्या बाजूला सरकारी शाळेत लागले. आजही तिथेच आहे. वाडा रंगवला गेला. आता तिथे लग्नं होतात, मुंबईची माणसं गाड्या घेऊन येतात. शाळांच्या सहलीही चालू आहेत, आणि दरबारही.

म्हणून दर दिवाळीनंतर, सहलींचा मोसम सुरू व्हायच्या आधी, मी जिल्ह्यातल्या शाळांना पत्र पाठवते. तेच जुनं पत्र, माझ्या सहीचं. बहुतेक शाळा उत्तर देत नाहीत. काहींनी सहल दुसरीकडे वळवली. एका मुख्याध्यापकाने शिवीगाळ केली, फोनवर, नाव न सांगता. आवाजावरून ओळखला.

गेल्या वर्षी आबासाहेबाचा मुलगा शाळेत आला. चांगलं बोलला. म्हणाला, "मॅडम, आम्ही ती भूमिकाच काढून टाकली. आता दाराबाहेर कुणीच नसतं. आता तरी थांबा."

म्हणजे काठी काढली आणि गादी ठेवली. आधी आम्हाला दाराबाहेर उभं केलं, आता दाराबाहेरूनही पुसून टाकलं. आणि ह्याला तो सुधारणा म्हणत होता. बापापेक्षा ह्याचा फेटा चांगला बांधलेला असेल, एवढाच फरक.

मी त्याला बसायलाही सांगितलं नाही. म्हटलं, "वडिलांना सांगा, मुलांसमोर उभं राहून त्यांनी बोलायचं. विहीर कुणी खोदली, पाणी कुणी काढलं, दाराबाहेर कोण उभं होतं आणि त्यांना कुणी उभं केलं. त्यांना जमत नसेल तर तुम्ही बोला. ज्या दिवशी बोलाल त्या दिवशी मी माझा वर्ग घेऊन येईन, पुढच्या दाराने. तोवर पत्रं जाणार."

तो गेला. ह्या वर्षीची पाकिटं मी लिहायला घेतली आहेत.