चिठ्ठी जिची, तिनंच वाचावी

पाहुण्या विद्वानाला हार घालून, चहा पाजून परत पाठवण्यापलीकडे त्याचा कधी काही उपयोग केलात का?

आमच्या वृद्ध सरांना घेऊन मी नागपूरहून निघालो. बालाघाटच्या अध्यापक महाविद्यालयात, प्रशिक्षणाला आलेल्या पदवीधर शिक्षकांपुढे त्यांचं व्याख्यान होतं. गोंदियाला छोटी गाडी धरली. धानाच्या बांध्या (खाचरं) पाहत सर खिडकीशी बसले आणि इंजिनाच्या कोळशाचा कण त्यांच्या डोळ्यात गेला. उतरेपर्यंत डोळा मिटला होता.

दुपारी चिन्नोरचा (तिथला सुवासिक तांदूळ) भात आणि लाखोळीचं वरण झालं. जेवताना कळलं, प्रश्न आधी चिठ्ठीवर द्यायचे आणि पाठ तपासणाऱ्या वर्माजींनी त्यातले ‘योग्य’ निवडायचे, अशी तिथली रीत आहे. प्रश्न चाळणारी शाळा गुलामच घडवते, असं मी पानावरच सुनावलं. वर्माजींनी माझ्या पानात आणखी भात वाढायला सांगितलं.

सभागृहात सरांना टिपण वाचता येईना. आज प्रश्नच घेऊ, ते म्हणाले. सगळ्या चिठ्ठ्या परत वाटा, ज्याची त्यानं वाचावी.

कोणी उठेना. मागून एकीनं शेजारणीला ढोसलं, “ऊठ ना वो. खोलीवर तं लय बोलत होतीस.”

हट्टा गावाकडच्या मेश्रामबाई उठल्या. नोकरी तात्पुरती, सराव पाठात दुसऱ्यांदा नापास झाल्या तर तीही जाणार होती. चिठ्ठी न उघडताच त्या बोलल्या.

“सर, पाठ हिंदीत सुरू केला, तं पोरं मुकी बसली. मंग त्याईले घरच्या बोलीत सांगतलं, अन् सारे हात वर झाले. मले नापास काहून केलं?”

वर्माजींनी नियम सांगितला, भाषा शुद्ध हवी. नागपूर महाराष्ट्रात गेलं, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं; पण सीमा काही पोरांच्या जिभेवरून आखली नव्हती. मी हे बोलायला उठणार, तोच सरांनी माझा सदरा ओढला.

“बाई, उद्या तोच पाठ पुन्हा घ्याल?”

“हौ.”

दुसऱ्या दिवशी आम्ही परतीची सकाळची गाडी जाऊ दिली. बाईंच्या वर्गात मागच्या बाकावर सर आणि वर्माजी शेजारी बसले. पाऊण तास पोरं बाईंना बसू देईनात. शेवटी वर्माजींनी पाठवहीत शेरा लिहिला: ‘भाषा मिश्रित. बच्चे समझे. उत्तीर्ण.’

परतीच्या गाडीत मला वाटलं, शिक्षणावर मी आजवर छापून वाटलेल्या सगळ्या पत्रकांहून तो शेरा मोठा आहे. म्हणून एवढंच करा. तुमच्या गावी विद्वान आला, तर चिठ्ठ्या चाळू नका. लिहिणाऱ्यालाच उभं करा आणि पाहुण्याला दुसऱ्या दिवशी वर्गात नेऊन बसवा.