दादाने दिलेली साक्ष

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. पाळकसाहेबांपाशी नाही, बायकोपाशी नाही. प्रार्थनेतसुद्धा नाही. देवाला ठाऊकच आहे, मग कशाला सांगायचं, अशी पळवाट काढत आलो. तुम्हाला सांगतो. मला सांगायला जमेल की नाही, ते बघू.

सत्तरच्या दशकात मी नगरकडून दिघ्याला आलो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर केमिकल कंपनीत नोकरी, आणि गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी खोलीत आम्हा ख्रिस्ती मंडळींची घरसभा. आमच्या सभेत एक रीत होती. ज्याने संदेश द्यायचा, त्याने शास्त्रातल्या त्या भागात सांगितलेलं आधी स्वतः करून यायचं, त्याची साक्ष द्यायची आणि मगच इतरांना शिकवायचं. नुसती पोपटपंची चालणार नाही — हे माझंच वाक्य. रीतही मीच घालून दिलेली. बोलण्यात मला कोण हरवणार?

एकदा माझ्या वाट्याला डोंगरावरच्या प्रवचनातला तो भाग आला. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाचं मन तुझ्यामुळे दुखलंय हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. वाचता वाचता मी पुस्तक मिटलं.

कारण शमुवेलदादा. माझा थोरला भाऊ. आमचे अप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं त्याने केलं — अंघोळ घालण्यापासून घाण काढण्यापर्यंत. मी मुंबईकडे. अप्पा गेल्यावर पोचलो, आणि अंगणात सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणालो, “तुझ्या हयगयीने गेले ते.” का म्हणालो? मी काहीच केलं नव्हतं म्हणून. दुसरं कारण नाही. दादा आत निघून गेला. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

तर, मी गेलो. खरंच गेलो — गावच्या फाट्यापर्यंत. एसटीतून उतरलो. समोर चहाच्या टपरीवर दादाच बसला होता, माझ्याकडे पाठ करून. केस पांढरे झालेले. मला फक्त रस्ता ओलांडायचा होता. मी नगरकडे जाणाऱ्या गाडीला हात केला आणि चढलो.

आणि गुरुवारी उभं राहून सांगितलं, की भेटलो. दादाच्या पाया पडलो, त्याने मला उठवून छातीशी धरलं, दोघंही रडलो. खोटं बोलताना मी खरोखर रडत होतो. कसं जमलं मला ते? खोलीत सगळ्यांचे डोळे भरून आले.

त्या खोलीत मार्थाबाई होत्या. मराठवाड्यातल्या, विधवा. त्यांच्या मुलीने तळवलीतल्या आगरी घरात लग्न केलं, म्हणून त्यांनी तिचं नाव टाकलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्या तळवलीला गेल्या. पुढच्या सभेत मुलगी शेजारी, मांडीवर नात. म्हणाल्या, “भाऊ, तुमी गेलात, मग मला काय धाड भरली होती? दारातच उभी ऱ्हायले. तिची सासू म्हनली, ये बाय, आत ये, घर तुजाच हाय.”

मला शेवटची प्रार्थना करायची होती; ती मी शेजारच्याला करायला सांगितली. मी भ्यायलो होतो — पण चोर पकडला जाण्याला भितो तसा नाही. माझ्या खोट्यातून देवाच्या वचनाने आपलं खरं काम करून घेतलं होतं, मला न विचारता. ते मूल माझ्याकडे बघून हसत होतं. आपण कुणाच्या समोर उभं राहून खोटं बोललो, हे मला त्या क्षणी कळलं. तरी गप्प राहिलो.

साक्ष मात्र गाजली. ऐरोली, तुर्भे, जिथे तिथे बोलावणी.

पुढे मी नेरूळला नव्या सोसायटीत राहायला गेलो. एक दिवस मार्थाबाई तिथे आल्या, चेहरा उजळलेला. नात्यातल्या लग्नाला नगरकडे गेल्या होत्या, तिथून वाकडी वाट करून थेट दादाच्या घरी. त्यांना दादाचे आभार मानायचे होते. त्यांनी माझी साक्ष त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवली.

मी उठून दार लावून घेतलं.

“सगळं ऐकून घेतलं त्यांनी,” मार्थाबाई सांगत होत्या. “नुसते माझ्याकडं बघत बसले. मग म्हनले, व्हय, आला हुता माझा भाऊ. लई रडलो आमी.”

विचार करा. इतक्या वर्षांत मी फिरकलो नाही. एक अनोळखी बाई येते, घडलंच नाही ते घडल्याचं सांगते. त्याला लगेच कळलं असणार, की भाऊ माझ्या नावावर खोटं बोलून मान मिळवतोय. एका शब्दाने तो मला उघडा पाडू शकला असता. त्याने पांघरूण घातलं. मी न मागितलेली क्षमा त्याने मला परस्पर देऊन टाकली. मी इतकी वर्षं क्षमेवर बोलत होतो. ती एवढी मोठी असते?

आता तरी जायला हवं होतं ना? दार उघडंच होतं.

मी गेलो नाही. उलट पुढच्या साक्षीत मार्थाबाईंची ही भेट जोडली. पुरावा म्हणून.

दादा वारला तेव्हा गेलो. मातीला जमलेल्यांनी मला पुढे वाट करून दिली. भावाशी समेट करणारा धाकटा म्हणून गाव मला ओळखत होतं; दादाने तसं सांगून ठेवलं होतं. दोन शब्द बोला म्हणाले. मी बोललो. तीच साक्ष, शब्दन् शब्द. वहिनी पुढ्यातच बसली होती. त्या घरात कोण आलं आणि कोण आलं नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? ती खाली मान घालून ऐकत राहिली.

संध्याकाळी शेजारच्यांनी जेवण आणून दिलं. वहिनीने मला आधी वाढलं. समोर बसली, भाकरी संपली तशी दुसरी ताटात ठेवली.

मी पोटभर जेवलो.